वाचक विचारतात : आजोबांचं तिकीट आणि नव्या देशाला मान्यता

प्रश्न : नमस्कार सर, मी नाशिकरोडची, जेलरोडला राहते. आजोबा प्रेसला होते, त्यांच्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात बांगलादेशचं एक तिकीट सापडलं, 20 पैशांचं, शहीद मिनारवालं. हे आम्हीच छापलंय असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. खरं असेल का ते? आणि दुसरं म्हणजे, सप्टेंबर 2025 मध्ये ब्रिटन, कॅनडानं पॅलेस्टाईनला मान्यता दिली पण त्यानं लगेच युद्ध काही थांबलं नाही, मग अशा मान्यतेनं होतं तरी काय?

उत्तर : आजोबा खरंच सांगत होते हो. ते तिकीट 21 फेब्रुवारी 1972 चं, छपाई आपल्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसची. गंमत बघा, त्याच्या दोन-अडीच महिने आधी याच प्रेसनं 5 पैशांचं शरणार्थी मदतीचं तिकीट छापलं होतं, पत्राला ते जादा लावावं लागायचं, कारण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, जवळपास 1 कोटी माणसं सीमा ओलांडून आली होती.

आता मान्यता. एक पत्र किंवा संसदेत निवेदन, झालं काम. खरी गोम असते ती कधी द्यायची यात. 26 मार्च 1971 ला बांगलादेशच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली, 17 एप्रिलला सीमेजवळच्या मुजीबनगरला त्यांच्या मंत्र्यांनी शपथपण घेतली, इकडे विरोधक मान्यता द्या म्हणून मागे लागलेले, तरी इंदिराबाईंनी आठ महिने दाद दिली नाही. कारण सरकार बसलं होतं कलकत्त्यात आणि ढाका पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात, म्हणजे 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात देशाला जे लागतं म्हटलंय, लोक, भूभाग, सरकार, बाहेरच्यांशी व्यवहार करायची कुवत, त्यातलं अर्धं अजून व्हायचं होतं, वर शेजाऱ्याचं घर फोडलं म्हणून बोल लागला असता तो वेगळाच. 3 डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्यावर हल्ल्याला विमानं पाठवली, 6 ला आपण मान्यता दिली, भूताननंही त्याच दिवशी. पाकिस्ताननं लगेच संबंध तोडले. पण आता आपलं सैन्य दुसऱ्याच्या देशात घुसलेलं नव्हतं, मित्र सरकारच्या मदतीला गेलेलं होतं. माझ्या मते त्या निवेदनाची खरी किंमत इथे होती.

तरी 1972 मध्ये चीननं व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, वापरून बांगलादेशला युनोबाहेर ठेवलंच. पाकिस्ताननं फेब्रुवारी 1974 मध्ये मान्यता दिली, मग सप्टेंबरात सदस्यत्व मिळालं.

पॅलेस्टाईनचं गाडं तिथेच अडलंय. आपण 1988 लाच मान्यता दिलीये, पण पूर्ण सदस्यत्वाला एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेनं व्हेटो केला. ब्रिटनच्या मान्यतेनं दूतावास उघडता येतो, देश म्हणून करार करता येतात, रणगाडे मात्र मागे फिरत नाहीत. आणि मान्यता म्हणजे लगेच जाणं-येणं असंही नाही, इस्रायलला आपण 1950 ला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र 1992 ला.

तिकीट कोरं आहे की शिक्का मारलेलं, तेवढं कळवा, आणि डिंक निघेल म्हणून पाण्यात बिलकूल घालू नका.