वाचक विचारतात : पायरेटेड साइट अडवायच्या कशा, आणि अडवूनही सुटतात कशा?

या वेळी नागपुरातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. पत्ते आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. राउटरमध्ये किंवा फोनमध्ये भरताना ते इंग्रजीत भरा.

प्रश्न : नंदनवनात आमची अभ्यासिका आहे. रोज चाळीसेक मुलं असतात, १०० एमबीपीएसचं फायबर आहे. काही पोरं रात्री सिनेमे डाउनलोड करून राहिली आणि बाकीच्यांची टेस्ट सिरीज उघडत नाही. कुणीतरी राउटरमध्ये १.१.१.३ टाकायला सांगितलं. टाकलं, पण फरक शून्य.

उत्तर : फरक पडणार नव्हताच. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) शोधून देणारी सेवा. १.१.१.३ ही क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची डीएनएस सेवा व्हायरसवाल्या आणि अश्लील साइट अडवते, पायरसी तिच्या यादीत नाही. क्वाड९चा ९.९.९.९ हा पत्तासुद्धा फक्त घातक साइट रोखतो. तुम्हाला पायरसीचा वेगळा वर्ग असलेली सेवा हवी. नेक्स्टडीएनएसमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल'खाली तो मिळतो. त्याच खात्यात 'सिक्युरिटी'मध्ये नव्यानं नोंदलेली डोमेन अडवण्याचं बटण आहे, तेही चालू करा. आमच्या मते तेच जास्त कामाचं. या साइट आज बंद झाल्या की उद्या नव्या नावानं उघडतात, यादी कायम एक पाऊल मागे असते. आणि ३० दिवसांच्या आतलं नाव मुळातच अडवलं तर यादीची वाट बघावी लागत नाही.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. मोफत खात्यात महिन्याला ३ लाख विचारणा (साइटचा पत्ता विचारण्याच्या खेपा) मिळतात, म्हणजे दिवसाला १० हजार. चाळीस फोन आणि वर लॅपटॉप असले की कोटा महिना संपायच्या कितीतरी आधी उडतो. त्यानंतर इंटरनेट चालूच राहतं, फक्त गाळणी बंद पडते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अभ्यासिकेसाठी पैसे भरूनच घ्या. दुसरी अडचण कनेक्शनची. राउटरमध्ये नुसते डीएनएसचे आकडे भरले, तर सेवा तुम्हाला तुमच्या आयपी पत्त्यावरून ओळखते. अनेक फायबरवाले एकच पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता सामायिक आहे आणि ही ओळख टिकणार नाही. मग एक तर कनेक्शनवाल्याकडून स्टॅटिक आयपी विकत घ्या, नाहीतर डीएनएस-ओव्हर-टीएलएस किंवा डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस चालवणारा राउटर बसवा. त्यात आकड्यांऐवजी तुमच्या खात्याचं स्वतंत्र नाव भरता येतं, आयपी कुठलाही असो.

आकडे भरायची जागा : राउटरचं पान (बहुधा १९२.१६८.१.१, पाठीमागच्या स्टिकरवर दिलेलं असतं), मग लॅन, मग डीएचसीपी, मग प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस. सेकंडरीच्या रकान्यात 'असू द्या बॅकअप' म्हणून ८.८.८.८ लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. फोन आणि संगणक दुसरा पत्ता फक्त अडचणीत वापरतात असं नाही, कधीही वापरतात. मग साइट एकदा अडते, एकदा उघडते, आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे हवेत. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचे डीएनएसही बदला, नाहीतर सगळी विचारणा त्या वाटेनं कनेक्शनवाल्याच्या सर्व्हरकडे जाते. बदल केल्यावर प्रत्येक उपकरण वायफायमधून काढून पुन्हा जोडायला लावा, कारण जुना डीएनएस त्याच्याकडे काही तास राहतो.

आता पळवाटा. फोनमधला 'प्रायव्हेट डीएनएस', क्रोममधला 'सिक्युअर डीएनएस' आणि व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं अॅप) हे तिन्ही राउटरला वळसा घालतात. राउटरच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा पोर्ट ८५३ बंद करा, पोर्ट ५३ फक्त तुमच्या डीएनएसकडेच जाऊ द्या आणि नेक्स्टडीएनएसमधला 'ब्लॉक बायपास मेथड्स' चालू करा. ब्राउझरमधला डीएनएस पोर्ट ४४३ वरून, म्हणजे नेहमीच्या वेबसाइटच्याच रस्त्यानं जातो. तो पूर्ण बंद करता येत नाही. आणि पोरानं स्वतःचा मोबाइल डेटा लावला तर तुमचा राउटर त्यात कुठेच नाही, पण मग तुमचं १०० एमबीपीएसही खर्च होत नाही.

खरं तर तुमची तक्रार वेगाची आहे, आणि वेगाचं उत्तर डीएनएसमध्ये नाही. टॉरेंट एकदा सुरू झाला की तो समोरच्या संगणकांशी थेट आयपीवरून बोलतो, नाव विचारतच नाही. राउटरच्या क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोलमध्ये प्रत्येक उपकरणाला ४ एमबीपीएसची मर्यादा घाला. टेस्ट सिरीज तेवढ्यात आरामात चालते, सिनेमा उतरवणाऱ्याचा हुरूप जातो. नुसतं एवढं केलं तरी निम्मं काम होईल.

प्रश्न : महालात माझं डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं काम आहे. अँटिव्हायरस दर वेळी डिझाइन सॉफ्टवेअरची अॅक्टिव्हेटर फाइल उडवतो, 'हॅकटूल' म्हणतो. ही फाइल सगळेच वापरतात. ती अपवादात टाकली तर चालेल का?

उत्तर : नाही. हा इशारा चुकीचा नाही. परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालू करणाऱ्या अशा फाइलसोबत, म्हणजे क्रॅकसोबत, पासवर्ड चोरणारं किंवा फाइल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर येणं ही नेहमीची गोष्ट आहे. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाचं रॅन्समवेअर २०१८ पासून मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरलं. एम्सीसॉफ्टनं २०१९ मध्ये त्यावर मोफत सोडवणूक काढली, पण ज्यांच्या फाइल इंटरनेटवरून आलेल्या किल्लीनं बंद झाल्या त्यांना साधारणपणे तिचा उपयोग होत नाही. ऐन लग्नसराईत पत्रिकांच्या फायली गेल्या तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?

आधी साफसफाई करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', आणि खाली 'एक्सक्लूजन्स'. तिथे आख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड फोल्डर दिसला तर दचकू नका, पण काढून टाका. क्रॅकसोबतच्या सूचनापत्रात तसं करायला सांगितलेलं असतं. 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू करा. 'अॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मधल्या 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये नको असलेली अॅप अडवणारं बटणही चालू करा.

मग होस्ट्स फाइल (कुठल्या साइटला कुठला पत्ता द्यायचा हे संगणकातच लिहून ठेवणारी फाइल) तपासा : सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. नोटपॅड 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडून त्यातून ही फाइल उघडा, नाहीतर सेव्ह होत नाही. त्यात १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० पुढे सॉफ्टवेअर कंपनीची नावं असतात, आणि पुष्कळदा अँटिव्हायरसच्या अपडेट सर्व्हरचीही. 'अपडेटच होत नाही' या तक्रारीचं कारण इथेच सापडतं. 'हॅश'च्या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी आहेत, त्या राहू द्या.

शेवटी डिफेंडरचं 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पंधरा मिनिटं जातात. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला आणि 'सगळ्या उपकरणांतून साइन आउट' करा. चोरलेल्या कुकीजना (ब्राउझरमध्ये साठलेल्या लॉगिनच्या खुणांना) पासवर्ड लागत नाही, म्हणून नुसता पासवर्ड बदलणं पुरत नाही. फायलींची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा जी एरवी संगणकाला जोडलेली नसते.

कायद्याचं सांगायचं तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची पायरेटेड प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. तुमचा वापर धंद्याचा आहे. परवाना परवडत नसेल तर नव्या कामासाठी इंकस्केप हे मोफत डिझाइन सॉफ्टवेअर शिकून घ्या. जुन्या सीडीआर फाइल त्यात उघडतात, पण अक्षरांची जागा सरकते. म्हणून जुन्या पत्रिका एखाद्या परवानाधारक दुकानातून पीडीएफ करून घ्या.

प्रश्न : मुलगा टेलिग्रामवरून वेबसिरीज आणि क्रिकेटची अॅप घेतो. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावला, टेलिग्राम तरी तसाच. — एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, डीएनएसला फक्त साइटचं नाव दिसतं, आत काय चाललंय ते नाही. टेलिग्राममधला एकच चॅनेल त्यानं अडवता येत नाही. अडवायचं तर आख्खं टेलिग्राम अडवावं लागतं. खरी काळजी बाहेरून आलेल्या एपीके फाइलची (प्ले स्टोअरशिवाय अॅप बसवणाऱ्या फाइलची) करा. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अॅप्स' शोधा आणि टेलिग्राम, क्रोम, फाइल मॅनेजर या तिन्हींसाठी परवानगी काढा. प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. फुकट क्रिकेट दाखवणारं अॅप 'अॅक्सेसिबिलिटी' किंवा एसएमएसची परवानगी मागत असेल तर त्याला ओटीपी हवे आहेत. ते त्याच क्षणी काढा आणि खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : एका साइटवर 'दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार बंद' असं पान आलं. पोलीस येतील का? — सदर

उत्तर : नुसतं पान दिसणं हा गुन्हा नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये अशा साइटच्या नव्या नावांवरही तोच आदेश लागू करता येईल असा मार्ग दिला, त्यामुळे अशी पानं वारंवार दिसतात. एचटीटीपीएस साइटवर ते पान येतच नाही, नुसतं 'कनेक्शन रीसेट' दिसतं. वायफाय बिघडलंय असं समजून राउटर बदलू नका.

प्रश्न : वर्ग 'पायरसी' ठेवल्यावर आमच्या वाचनालयात इंटरनेट आर्काइव्ह आणि लिनक्सचे टॉरेंट उघडेनासे झाले.

उत्तर : असं होतं. गाळणी वर्ग बघते, तिथल्या एकेका फाइलचा हक्क तपासत नाही. नेक्स्टडीएनएसच्या 'लॉग्स'मध्ये लाल दिसणारं नाव शोधा आणि 'अलाउलिस्ट'मध्ये टाका. एक नाव टाकून भागलं नाही तर त्याच वेळच्या आणखी लाल ओळी बघा. चित्रं आणि फायली बऱ्याचदा वेगळ्या नावावरून येतात. लिनक्सची फाइल टॉरेंटशिवाय थेटही मिळते. पाठ्यपुस्तकांसाठी बालभारती आणि एनसीईआरटी यांच्या साइट पुरेशा आहेत, तिथून पीडीएफ मोफत उतरवता येतात.