सव्हानाच्या गाडीतल्या बंदुकीच्या कायद्याला विरोध का होतोय?

गाडी लॉक करा, बंदूक उघड्यावर टाकून जाऊ नका, हे मलाही शंभर टक्के मान्य आहे, पण म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराने केलेला नियम बरोबर ठरत नाही. गाड्यांमधून बंदुका चोरीला जाऊ नयेत म्हणून एप्रिल 2024 मध्ये तिथल्या सिटी कौन्सिलने ठरवलं की लॉक न केलेल्या पार्क गाडीत बंदूक ठेवली तर 1,000 डॉलरपर्यंत दंड, वर 30 दिवसांपर्यंत जेलही होऊ शकते. पण जॉर्जिया राज्याचा कायदा सांगतो की बंदुकांबाबतचे नियम राज्यच करणार, शहरांनी आपापले करायचे नाहीत, आणि राज्याचे अटर्नी जनरल (म्हणजे सरकारचे मुख्य वकील) ख्रिस कार यांनीही शहराला हेच कळवलं होतं. प्रत्येक गावाचा नियम वेगळा झाला तर हायवेवरून जाणाऱ्या माणसाने कुठे काय चालतं ते लक्षात तरी कसं ठेवायचं? आणि मला जास्त खटकतं ते हे की चोरी ज्याच्याकडे झाली त्यालाच दंडाची भीती, मग तो पोलिसांत तक्रार द्यायलाच कचरणार आणि चोरलेली बंदूक फिरत राहणार, म्हणजे ज्यासाठी नियम केला तेच बोंबललं ना. त्यापेक्षा लॉकबॉक्स फुकट वाटा, चोरांना पकडा.