वडील गेल्यावर नातवंडांना आजोबांबद्दल काय आणि किती सांगावं?

तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन चार महिने झाले, सहा वर्षांचा मुलगा रोज आजोबांचं विचारतो, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात विषयच काढू नका, काढलात तर चांगलं तेवढं सांगा. वर्षश्राद्धाचंही विचारलंय.

विषय काढा. तो विचारेल तेव्हा काढा, न विचारता पण काढा. आणि 'चांगलं तेवढं' हे तर अजिबात ऐकू नका. हाच सल्ला मला माझ्या वडिलांच्या तेराव्याला, भरल्या घरात मिळाला होता. तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, नातवंडांचे आबा, लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते. मूळचे पाटण तालुक्यातले. गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकून राहिले, बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळावं म्हणून, रोज गेटवर उभे राहिले, तेव्हा कुठे कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम करून हवं होतं, आणि एकाच युनियनला मान्यता देणारा तो बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा नको होता. पुढारी दत्ता सामंत. तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी जाहीर केलंच नाही. माणसं थकत गेली, आणि परत गेली त्यातल्या कितीतरी जणांना आत घेतलं नाही. दादा त्यातलेच एक. मग भायखळ्याला भाजी मार्केटात हमाली, पुढे एका सोसायटीत रात्रपाळीची वॉचमनकी. आईने डबे केले.

तेराव्याला थोरले काका, आमचे तात्या, सगळ्यांसमोर म्हणाले, "माणूस देवासारखा होता, पण संपाच्या नादी लागला आणि पोरांच्या तोंडचा घास घालवला. ते काय पोराबाळांना सांगायचं नाही." समोर माझी मुलगी बसली होती. मी तिथेच म्हटलं, तात्या, संप काढा मग दादांच्या आयुष्यातून काय उरतं ते सांगा. त्यावर आम्ही दोघं वर्षभर बोललो नाही.

मला तेव्हा जे नीट मांडता आलं नाही ते आता लिहिते. दादा हरले. हरल्यावर त्यांनी दारू जवळ केली नाही, गावाला तोंड लपवून बसले नाहीत, आणि पुढे नातीला वाढवलं. रात्रभर जागून सकाळी यायचे, तिला आंघोळ घालायचे, वेणी घालून शाळेत सोडायचे, मग झोपायचे. मी नोकरी करू शकले ती त्यांच्या झोपेवर. ही माया कुठल्या माणसाची होती हे नातीला कळायला नको? नुसतं 'आबा फार चांगले होते' म्हटलं तर कुणाचेही आबा चांगलेच असतात.

तिला त्यांनी साचेवाल्याची गाठ शिकवली. ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा धागा तुटला की दोन टोकं चिमटीत धरून क्षणात मारायची ती गाठ. ती इतकी बारीक आणि चपटी बसते की मागाच्या फणीतून धागा न अडकता निघून जातो. साचेवाल्याला मजुरी तयार कापडावर, साचा थांबला की पैसा बुडाला, त्यामुळे हात आपोआप चालायचा. म्हातारपणी बोटं थरथरायची, पण दोरा हातात आला की थरथर बंद. मुलगी आता कॉलेजात आहे, ती गाठ तिला डोळे मिटून येते.

आणि खोकला. आडवा धागा नेणाऱ्या जुन्या धोट्यांत कांडीवरचा धागा तोंडाने ओढून घ्यायला लागायचा, वर दिवसभर कापसाची धूळ. सुट्टीनंतर सोमवारी छाती जास्त भरायची, त्याला सोमवारचा ताप म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत बिसिनोसिस. शेवटची काही वर्षं दादा उशांना टेकून बसूनच झोपले. मुलीने विचारलं तेव्हा मी तिला हेही सगळं सांगितलं.

तेव्हा तुमच्या मुलाला आजोबा काय काम करायचे ते सांगा, कुठे जायचे, कशावरून चिडायचे, काय जमलं नाही. त्यांनी शिकवलेली एखादी हाताची गोष्ट असेल तर ती त्याच्याकडून करून घ्या. 'आजोबा झोपलेत' किंवा 'गावाला गेलेत' असं मात्र कधीही सांगू नका, पोरं झोपायला घाबरतात नाहीतर वाट बघत बसतात. वारले म्हणजे परत येणार नाहीत, हे सरळ सांगावं.

त्यांची कागदपत्रं आवराआवरीत रद्दीत घालू नका. आमच्याकडे दादांचा गेटपास आणि तिकीट नंबर जपलेला होता. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारसांना असेच पुरावे लागले, आणि ते पुरावे हरवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

वर्षश्राद्धाचं तुमच्या घरच्या रीतीने करा, मला त्यात फार गती नाही. आम्ही पिंडदान केलं, जेवण घातलं आणि दादांबरोबर संपात असलेल्या, हयात असलेल्या माणसांना मुद्दाम बोलावलं. ते आले आणि नातवंडांशी संपावर बोलले. तात्यांसमोरच बोलले.

एक सांगायला हवं. संपाच्या त्या दीड वर्षात गावाकडून तांदूळ आणि नाचणी तात्यांनीच पाठवली, तेही मी मुलीला सांगितलं आहे. आणि मुलगा जेवत नसेल, शाळेत जायला रडत असेल, तर माझ्या अनुभवावर विसंबू नका, मुलांच्या समुपदेशकाला दाखवा. घरच्यांचं मात्र या एका बाबतीत ऐकू नका.