पिकअपला ४०७चं इंजिन बसवलं, आता पासिंगचं काय?

प्रश्न: वरुड तालुक्यात माझी साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. घरची २०११ची महिंद्रा पिकअप आहे, पिवळ्या नंबरप्लेटची, २,५२३ सीसी इंजिनाची. उन्हाळ्यात पाणी संपून इंजिन तापलं आणि जाम झालं. मिस्त्री म्हणाला, इंजिनकामाला साठ हजार घालण्यापेक्षा पंच्याऐंशीत टाटा ४०७चं जुनं इंजिन बसवून देतो, ताकद वाढेल. पोळ्याच्या आठवड्यात बसवलं. कागद म्हणाल तर वहीच्या पानावरची कच्ची पावती. गाडी आता भरल्या कॅरेटनिशी चढ मस्त चढते. पण पुढच्या महिन्यात पासिंग आहे आणि एजंट म्हणतो, इंजिन नंबर जुळत नाही, गाडी पास होणार नाही. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, जुना नंबर या ब्लॉकवर ठोकून देतो, कोन पाहून रायलं?" मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं एक गिऱ्हाईक गाडी आहे तशी नोटरीवर घ्यायला तयार आहे. आंबिया बहाराची तोडणी तोंडावर आली. काय करू? जुनं इंजिन मिस्त्रीच्या शेडमध्येच पडलं आहे, भंगारवाला त्याचे बारा हजार देतो म्हणतो.

उत्तर: भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. ते जुनं इंजिन विकू नका. बारा हजारांना नाही, तीस हजारांनाही नाही. आज संध्याकाळी शेडवर जा, ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून पाहा आणि इंजिन घरी आणून गोठ्यात ठेवा. तुमची अख्खी सुटका त्या लोखंडात आहे. का, ते सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२चा मथितार्थ असा, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून आरसीवरचा तपशील फारकत घेईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. तुमच्या आरसीवर इंजिन नंबर आहे, सीसी आहे. गाडीत आज टाटाचं २,९५६ सीसीचं इंजिन आहे. फारकत उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ला प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या केरळच्या प्रकरणात हे कलम बारकाईने तपासलं आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. त्यामुळे "आरटीओत अर्ज करून मोठं इंजिन आरसीवर चढवून घेऊ" हा रस्ता जवळपास बंद आहे. एखादा एजंट पैसे घेऊन करून देतो म्हणाला, तर त्याला एकच विचारा: कुठल्या कलमाखाली? सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनाच्या किटसाठी कायद्यात वेगळी सोय आहे, पण डिझेलचं इंजिन काढून दुसऱ्या कंपनीचं मोठं डिझेल इंजिन घालणं तिच्यात बसत नाही.

ट्रॅव्हल्सवाले न विचारता इंजिनं बदलतात, असंही मिस्त्रीने सांगितलं असेल. त्यात अर्धं खरं आहे. याच कलमात राज्य सरकारला एक मुभा आहे: ज्याच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत, त्याला पूर्वमंजुरीशिवाय इंजिन बदलण्याची परवानगी सरकार देऊ शकतं. पण तीही त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवण्यापुरती. तुमची गाडी एक आणि इंजिन परक्या कंपनीचं, दोन्हीकडून तुम्ही बाहेर.

यासाठी शिक्षा २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२एच्या पोटकलम ४मध्ये आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घाबरवत नाही. या मामल्यात तुम्ही तुरुंगात जाल असं मला वाटत नाही. जुनं इंजिन परत बसवल्याने गेल्या महिन्या-दीड महिन्यातली चूक पुसली जाते असंही नाही. पण आजच्या घडीला ती दंडाच्या पातळीवरची आहे.

मिस्त्रीने नंबर ठोकला, की ती त्या पातळीवर राहत नाही.

लोकांना वाटतं बनावटगिरी म्हणजे खोटा सातबारा, खोटी सही. भारतीय न्याय संहितेत दस्तऐवजाची व्याख्या कागदापाशी थांबत नाही. कोणत्याही पदार्थावर अक्षरांनी, आकड्यांनी किंवा खुणांनी व्यक्त केलेला आणि पुरावा म्हणून वापरता येईल असा मजकूर म्हणजे दस्तऐवज. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर या व्याख्येत बसतो, असं सरकारी वकील म्हणेल आणि त्याला खोडून काढणं मला जड जाईल. मग कलम ३३६ (बनावटीकरण), कलम ३४० (बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं) आणि पुढे गाडी विकली तर कलम ३१८ (फसवणूक). फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाच हजारांचा दंड चुकवायला सात वर्षांचं कलम अंगावर ओढून घ्यायचं, हा मिस्त्रीचा हिशोब आहे. आणि आरोपी म्हणून पहिलं नाव त्याचं येणार नाही, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचं येईल.

"कोन पाहून रायलं" याचं उत्तरही देतो. कारखान्यातले आकडे एका मापाचे, एका रेषेत, सारख्या खोलीचे असतात. हातोडा-पंचाने ठोकलेला तीन जरा कलतो, आठाचं पोट एका बाजूला खोल जातं. आधीचा नंबर ग्राइंडरने घासला असेल तर तिथली जागा भोवतालच्या ओतीव खरबरीत लोखंडापेक्षा गुळगुळीत, चकचकीत दिसते. बोट फिरवलं तरी कळतं. निरीक्षकाला शंका आली की ब्लॉक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. आकडा ठोकताना त्याच्या खालचं लोखंडही दबलेलं असतं, त्यामुळे वरचा थर घासून टाकला तरी रसायन लावल्यावर बऱ्याचदा मूळ आकडा पुन्हा उमटतो. कोर्टात मी असे फोटो पाहिले आहेत. राखेतून वर आल्यासारखा जुना नंबर दिसतो आणि आरोपीच्या वकिलाला बोलायला फार काही उरत नाही.

गाडी एकदा ठाण्यात गेली, की तिची दशा तुम्ही पाहिलेली आहे. माझ्या एका अशिलाचा टेम्पो दोन पावसाळे ठाण्याच्या आवारात उभा होता. सोडवायला गेलो तेव्हा हौद्यात गवत गुडघाभर आणि बॅटरी गायब. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय, की जप्त वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नका, बंधपत्र घेऊन लवकर सोडा. त्या निकालाच्या जोरावर अर्ज करता येतो, गाडी सुटतेही. पण नंबरच वादात असला तर मालकी सिद्ध करता करता संत्रा झाडावर गळून जाईल.

आता बसवलेल्या ४०७च्या इंजिनाकडे वळू. ते कुठल्या गाडीतून निघालं? पंच्याऐंशी हजार मोजले आणि हातात वहीचं पान. ती गाडी चोरीची निघाली तर न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं: चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो बाळगणं. "मानायला कारण" हे शब्द महत्त्वाचे. बिल नाही, मूळ गाडीची आरसी नाही, विकणाऱ्याचं नाव धड नाही, अशा खरेदीत पोलिसांना ते कारण आयतं मिळतं. म्हणून मिस्त्रीकडून मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागा. इंजिनावरच्या नंबरचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. प्रत मिळाली आणि नंबर जुळला तर चिंता मिटली. मिळाली नाही, किंवा नंबराची जागा घासलेली दिसली, तर ते इंजिन कुणालाही परस्पर विकू नका. आधी तालुक्याच्या वकिलाला दाखवा आणि त्याला सोबत घेऊनच ठाण्यात लेखी कळवा.

पांढुर्ण्याच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा. इंजिनाची गोष्ट लपवून विकलं तर फसवणूक. सांगून विकलं तरी गाडी मध्य प्रदेशात नोंदवायला इथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, आणि तिथंही हीच अडचण उभी राहील. नोटरीचा कागद तुम्हाला वाचवणार नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. उद्या त्या माणसाने पलीकडे कुणाला उडवलं तर अपघात न्यायाधिकरणाची नोटीस वरुडला, तुमच्या दारात येईल.

विम्याचंही इथेच सांगतो, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. इंजिन बदलल्याचं कंपनीला कळवलं नसेल, तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा ती नाकारायला पाहील. तिसऱ्या माणसाला भरपाई द्यावी लागली, तर कंपनी आधी पैसे भरून नंतर तुमच्याकडून वसूल करायची मागणी करू शकते. आणि पासिंगची मुदत संपल्यावर व्यावसायिक गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६प्रमाणे वैध नोंदणीची मानलीच जात नाही. मुदत संपली की गाडी अंगणात उभी करा. तोडणीसाठी चार-सहा खेपा भाड्याच्या गाडीने करा, ते स्वस्त पडेल.

ताकद वाढली म्हणून जास्त कॅरेट भरत असाल तर तेही थांबवा. गाडी किती वजन वाहू शकते हे आरसी ठरवते, इंजिन नाही. जादा वजनाला त्याच कायद्याच्या कलम १९४खाली वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय ब्रेक, पुढचा अ‍ॅक्सल, इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती बैठक), सगळं आधीच्या इंजिनाच्या वजनाला आणि वेगाला धरून केलेलं आहे. चढ मस्त चढते म्हणता. उतारावर कशी थांबते, ते लिहिलं नाहीत.

तर मार्ग असा. जुनं इंजिन तापून जाम झालंय, ब्लॉक फुटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडून खोलून घ्या. स्लीव्ह, पिस्टन, क्रँकचं काम करून तोच ब्लॉक चालणार असेल तर ती फक्त दुरुस्ती झाली. नंबर तोच, सीसी तेच, आरसीला धक्का नाही, आरटीओची परवानगीही नको. ४०७चं इंजिन उतरवताना फाउंडेशनसाठी चेसिसवर केलेली कटाई-वेल्डिंग असेल तर तीही नीट पूर्ववत करून घ्या. साठ हजार तेव्हा घातले नाहीत, ते आता घालावे लागतील. याला माझ्याकडे दुसरा उतारा नाही.

ब्लॉकला तडा असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन शोधा. पण आधी आरटीओची मंजुरी, मग बसवणं, हा क्रम चुकवू नका. अर्ज वाहन पोर्टलवरून होतो. सोबत विकणाऱ्याचं पक्कं जीएसटी बिल आणि जुनं इंजिन असेल तर ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत ठेवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या. बदल झाल्यापासून १४ दिवसांत कळवून नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. ही मुदत कायद्यातली आहे, एजंटच्या तोंडची नाही.

पहिल्या मिस्त्रीकडून पैसे परत मिळतील का? मोठं इंजिन बसवायला तुम्हीही हो म्हणालात, तेव्हा पूर्ण रकमेची आशा धरू नका. पण "आरटीओचं माझ्याकडे लागलं" असं काही त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल तर तो संदेश जपा, फोन बदलू नका. आधी इंजिन परत घेऊन पैसे दे, अशी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. तो बधला नाही तर दोन वर्षांच्या आत अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. गाडी धंद्याची आहे, असा आक्षेप तो घेईल. त्यावर उत्तर असं, की स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू ग्राहक कायद्यात व्यावसायिक हेतूची धरत नाहीत.

शेडवर जाताना दोन माणसं सोबत न्या. एक उचलायला, आणि एक असा, की "इंजिन तर कालच भंगारात दिलं" असं मिस्त्री म्हणाला तर ते ऐकणारा साक्षीदार म्हणून.