करिअर मार्गदर्शन : मुलगा म्हणतो फुटबॉल, आणि भारताचा संघ तर हरतोय

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. नाव छापू नका म्हणालात, छापत नाही. बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही कोल्हापूरचे. मुलगा आठवीत, जन्म नोव्हेंबर २०१२चा. शाळेच्या संघातून आणि पेठेतल्या तालमीच्या लहान गटातून फुटबॉल खेळतो. डाव्या पायाचा, चणीनं लहान, आघाडीला खेळतो. त्याला भारताकडून खेळायचंय. त्याच्या आईला तो आता मैदान सोडून सायन्सच्या क्लासला बसायला हवाय. एकानं तुम्हाला जन्मदाखल्यावर मुलाचं वय दोन वर्षांनी कमी करून घ्यायचा सल्ला दिलाय, दुसरा एक जण पैसे भरले तर परदेशातल्या अकादमीत पाठवतो म्हणतोय. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा, की बांगलादेशकडून हरणाऱ्या संघात जाण्यासाठी पोराचं आयुष्य पणाला लावायचं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्रातली सगळी चीड तिथं आहे आणि ती रास्त आहे. २०२७च्या आशिया चषकासाठी आपण पात्रही ठरलो नाही. जून २०२५मध्ये हाँगकाँगनं १-० हरवलं, १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरनं २-१, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनं १-०. त्याच वर्षी आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही, काही क्लबांनी मुख्य संघाचं काम थांबवलं, खेळाडूंचे पगार अडकले. मडगावचा सामना पाहून मलाही रात्रभर झोप लागली नव्हती.

पण त्याच नोव्हेंबरच्या ३० तारखेला अहमदाबादमध्ये काय झालं ते बघा. आपल्या १७ वर्षांखालच्या मुलांसमोर इराण होता. पहिला गोल इराणनं केला. आपण पेनल्टीवर बरोबरी साधली, मग दुसरा गोल केला, आणि २-१ असा सामना जिंकून बिबियानो फर्नांडिस यांची ही पोरं १७ वर्षांखालच्या आशिया चषकासाठी पात्र ठरली. इराण म्हणजे आशियातला दादा संघ. त्याआधी सप्टेंबरमध्ये दोह्यात नौशाद मूसा यांच्या २३ वर्षांखालच्या संघानं बहारीनला २-० हरवलं, ब्रुनेईवर ६ गोल चढवले आणि कतारशी १-२ असा अटीतटीचा सामना केला. त्या वयोगटाच्या आशिया चषकाची पात्रता थोडक्यात हुकली.

म्हणजे सोळाव्या वर्षी आपली मुलं इराणच्या मुलांना हरवू शकतात, आणि मोठी झाली की सिंगापूरकडून हरतात. मधल्या काळात काहीतरी निसटतं. काय निसटतं हे समजलं, तर तुमच्या मुलाच्या पुढच्या आठ वर्षांचं काय करायचं हेही समजेल.

यासाठी मी २०१७ची तुकडी पाहतो. १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, आपले २१ खेळाडू निवडले गेले. त्यातले आठ एकट्या मणिपूरचे आणि एक तुमच्या गावचा अनिकेत जाधव. ९ ऑक्टोबरला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला आणि जीक्सन सिंगनं हेडर मारला. कोणत्याही फिफा विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. लोक खाली बसायच्या आत, पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला आणि सामना नेला. तिन्ही सामने आपण हरलो.

पुढे काय झालं? जीक्सन, सुरेश वांगजम, लालेंगमाविया, अन्वर अली हे वरिष्ठ संघात पोचले. अन्वरला तर २०१९मध्ये हृदयाच्या दुखण्यामुळे खेळ थांबवायला सांगितलं होतं, तिथून परत येऊन त्यानं देशाची जर्सी मिळवली. अनिकेत आयएसएलमध्ये खेळला. काहींची नावं मात्र आज फुटबॉलवेड्या माणसालाही आठवत नाहीत, आणि हे त्या वेळी अख्ख्या देशातून निवडलेले २१ होते.

जे टिकले त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विश्वचषक संपल्यावर भारतीय फुटबॉल महासंघानं या मुलांना घरी पाठवलं नाही. 'इंडियन अ‍ॅरोज' या नावानं त्यांचा संघ आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला, एकही परदेशी खेळाडू न घेता. पोरं मोठ्या माणसांकडून मार खात होती, हरत होती, पण दर आठवड्याला ९० मिनिटं खेळत होती. २०२२मध्ये हा संघ बंद करण्यात आला. मला तो निर्णय चुकीचा वाटला आणि अजूनही वाटतो. कारण आयएसएलमध्ये १८ वर्षांच्या पोराला जागा कुठे आहे? २०२४-२५मध्ये १३ संघ होते. मैदानावर चार परदेशी चालतात, म्हणजे प्रत्येक संघात कमीत कमी सात भारतीय. सगळ्या संघांचे मिळून ९१. अख्ख्या देशातून वरच्या स्तरावर सुरुवातीपासून खेळायला मिळण्याच्या हमखास जागा एवढ्याच. उरलेले बाकावर बसतात, आणि अठरा ते एकवीस या वयात बाकावर घालवलेली वर्षं परत येत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो, कुठली अकादमी चांगली हे विचारण्याआधी माझा मुलगा तिथं वर्षाला किती मिनिटं खेळेल हे विचारा. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, भुवनेश्वरला महासंघ आणि फिफानं मिळून काढलेली अकादमी आहे, आयएसएल क्लबांचे स्वतःचे युवा संघ आहेत. निवड झाली तर जरूर पाठवा. नाही झाली तर जिथं तो पहिल्या अकरांत असेल तिथं ठेवा. त्या बाबतीत कोल्हापूरसारखं गाव महाराष्ट्रात दुसरं नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा या तालमी-मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जी गर्दी होते ती अनेक आयएसएल क्लबांना मिळत नाही. अडचण एकच आहे. तिथं पेठेच्या ईर्ष्येपायी पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या सामन्यात उतरवायची घाई होते. मुलाचं शरीर तयार होईपर्यंत तुम्ही त्याला नाही म्हणा, मंडळातले लोक नाराज झाले तरी चालतील.

आता जन्मदाखला. हे करू नका. कितीही जवळच्या माणसानं सांगितलं तरी करू नका. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. वाढत्या मुलाच्या मनगटापाशी हाडाच्या टोकाला कूर्चेची एक पातळ रेघ दिसते, वय वाढेल तशी ती बुजत जाते. कागदावर काहीही लिहा, ती रेघ खोटं बोलत नाही. १७ वर्षांखालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत याच मनगटाचा एमआरआय करतात. माझ्याकडे एक आई आली होती, मुलाची फाइल पोटाशी धरून. शाळेच्या दाखल्यावर एक वर्ष, आधार कार्डावर दुसरं. मुलाचा खेळ चांगला होता, राज्याच्या शिबिरात निवडही झाली होती. तिथं पकडला गेला. त्यानंतर पासपोर्टपासून बारावीच्या अर्जापर्यंत प्रत्येक कागदावर तो पोरगा अडत राहिला, आणि ही युक्ती त्याची नव्हतीच. शिवाय जो मुलगा दोन वर्षांनी लहान मुलांमध्ये खेळतो तो अंगाच्या जोरावर जिंकतो, खेळ शिकत नाही. मोठेपणी सगळे समान झाले की त्याच्याकडे काही उरत नाही. आपल्या राष्ट्रीय संघाचं जे निसटतं म्हणालो, त्यात या फसवणुकीचाही वाटा आहे असं माझं मत आहे.

तुमच्या मुलाची अडचण नेमकी उलटी आहे. वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा मोजतात. नोव्हेंबरचा मुलगा जानेवारीच्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी लहान असतो, आणि तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे कधीकधी डोळ्यांत भरणारा उंचीचा फरक. चाचणीत प्रशिक्षकाची नजर आधी मोठ्या पोरांवर जाते, जगभर हेच होतं. तेव्हा या वर्षी निवड झाली नाही तर त्याच्या खेळावर शिक्का मारू नका. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याची उंची झपाट्यानं वाढेल. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं असं तुम्ही जाताजाता लिहिलंय. ते या वाढीमुळे असू शकतं, पण 'पोरगं नाटक करतंय' म्हणून पळायला लावू नका, खेळाडूंना तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मग त्याच्यात काही आहे का हे कसं कळणार? एक गोष्ट स्वतः करून बघा. पुढच्या सामन्यात दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका, फक्त मुलाकडे बघा. चेंडू त्याच्या पायात यायच्या आधी तो मान वळवून मागं कोण आहे ते बघतो का? किती वेळा? ज्याला ही सवय आहे त्याला चेंडू मिळाल्यावर विचार करावा लागत नाही, पहिल्याच स्पर्शात तो वळलेला असतो. गोल किती केले याच्यापेक्षा मी याला जास्त मानतो. ही सवय शिकवताही येते, म्हणून नसली तर खचू नका.

कोच त्याला आघाडीवरून डाव्या बचावात खेळवू बघतायत म्हणून तुम्ही नाराज आहात. मी होणार नाही. आपल्या क्लबांमध्ये गोल करायची जागा बहुतेक परदेशी खेळाडूला जाते. २०२४-२५च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अलाएद्दिन अजाराईनं केले. भारतीयांमध्ये पहिला होता सुनील छेत्री, १४ गोल, वय वर्षं ४०. जून २०२४मध्ये त्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला आणि मार्च २०२५मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, यातच आघाडीची काय अवस्था आहे ते आलं. हुशार भारतीय स्ट्रायकरची देशाला फार गरज आहे, पण त्याला क्लबमध्ये मिनिटं मिळणं सगळ्यात अवघड. डाव्या पायाचा, बचावात आणि पुढे दोन्हीकडे खेळणारा मुलगा कुठल्याही प्रशिक्षकाला हवाच असतो. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला दोन्ही जागी खेळू द्या.

परदेशी अकादमीवाल्याला मात्र सरळ नकार कळवा. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबमध्ये नोंदणी मोजके अपवाद वगळता होत नाही. तो तुम्हाला विकतोय ती महागडी सहल आहे. चाचणीसाठी किंवा निवडीसाठी जो मोठी रक्कम मागतो त्याच्यापासून लांब राहा.

आईंचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. त्यांची भीती खरी आहे. पण आत्ता निवड करायची वेळच आलेली नाही. शाळा सुटणार नाही एवढं घरात सगळ्यांसमोर ठरवा. क्लास लावायचा तर सकाळचा लावा, संध्याकाळचं मैदान मोडू नका. २०१२चा जन्म म्हणजे १७ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी त्याचं वर्ष २०२९. ही स्पर्धा आता दर वर्षी होते, २०२९चीही कतारमध्येच आहे आणि संघ ४८ असतात, पूर्वीसारखे २४ नाहीत. दहावीची परीक्षा त्याच्या आधी होईल. तोवर तो राज्याच्या शिबिरापर्यंत पोचला असेल तर अकरावीला कला किंवा वाणिज्य घेऊन खेळाला वेळ द्यावा. पोचला नसेल तर सायन्सचं दार उघडंच आहे, आणि फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान, सामन्यांचं विश्लेषण अशा वाटांनी तो खेळाजवळच राहील. अठरा पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकाचा डी परवाना काढता येतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं लागतात. आजपासून एक फाइल करा आणि प्रमाणपत्रं भिंतीवर फ्रेम करून टांगू नका, उन्हानं शाई उडते.

आणि आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही ते. तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, 'धाकटी दहा वर्षांची आहे, तीही भावाबरोबर हौस म्हणून खेळते.' आपल्या महिला संघानं जुलै २०२५मध्ये थायलंडला थायलंडमध्येच २-१ हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदा आशिया चषकात जागा मिळवली. त्याच वर्षी २० वर्षांखालच्या आणि १७ वर्षांखालच्या मुलीही आपापल्या आशिया चषकासाठी पात्र ठरल्या. मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळून आली. मुलींच्या फुटबॉलमध्ये पैसा अजून फार कमी आहे, हे लपवत नाही. पण पुढच्या पिढीच्या राष्ट्रीय संघात कुणाला जागा मिळण्याची शक्यता जास्त, असं मला विचारलंत तर तुमच्या घरात मी आधी तिच्याकडे बघेन. तिला भावाचे जुने बूट देत असाल तर थांबवा, मोठ्या मापाच्या बुटात पाय मुरगळतो. तिच्या मापाचे घ्या.

पुढच्या पत्रात दोन आकडे कळवा. या मोसमात मुलगा एकूण किती मिनिटं खेळला, आणि त्या दहा मिनिटांत त्यानं किती वेळा मान वळवून मागं पाहिलं. दोघांचेही आकडे कळवलेत तर जास्त बरं.