शाळेत बक्षिसं मिळवणारी मी सेमिनारमध्ये गप्प का झाले?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धांमध्ये मला कायम बक्षीस मिळायचं. बाबा भाषण लिहून द्यायचे, मी पाठ करायचे. गेल्या महिन्यात कॉलेजच्या सेमिनारमध्ये दहा मिनिटं बोलायचं होतं. तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य आठवेना आणि पुढचं सगळंच गेलं. रडू आलं, मी तशीच जागेवर जाऊन बसले. आता वर्गात प्रश्न विचारायचीही भीती वाटते. फारसं बोलावं लागणार नाही असं क्षेत्र निवडू का? की व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स करू?

उत्तर : तुझ्या पत्रातल्या ‘तिसऱ्या मिनिटाला’ या शब्दांपाशी मी थांबले. उभं राहून बोलायच्या भीतीचा जोर बहुतेकांना सुरू करण्याआधी आणि पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त जाणवतो. तू तो टप्पा पार केला होतास. त्यामुळे तुझं धैर्य कमी पडलं असं मला वाटत नाही. कमी पडली ती तयारीची पद्धत, आणि ती शाळेपासूनच तुझ्या अंगवळणी पडलेली आहे.

पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून आठवतं, त्यामुळे एक कडी निसटली की पुढच्या कडीपर्यंत जायला वाट राहत नाही. शिवाय पाठ म्हणणाऱ्याचं सगळं लक्ष आत, पुढचा शब्द शोधण्यात गुंतलेलं असतं. समोर कोण बसलंय, कुणाला कळलं, कुणाच्या कपाळावर आठी आहे, हे त्याला दिसतच नाही. शाळेच्या स्पर्धेत हे खपून गेलं, कारण तिथे विषय बाबांनी मांडलेला होता आणि तू तो छान म्हणून दाखवत होतीस. सेमिनारमध्ये मात्र समोरच्यांना तुझा प्रयोग समजून घ्यायचा असतो.

म्हणून पुढच्या वेळी संहिता लिहूच नकोस. आधी एक वाक्य लिही : माझं ऐकून झाल्यावर समोरच्याला नेमकं काय कळलेलं असावं? हे वाक्य जमेपर्यंत स्लाइडला हात लावू नकोस. (बहुतेक मुलं उलटं करतात. आधी वीस स्लाइड तयार होतात आणि मग त्यांत काय बोलायचं ते शोधलं जातं.) मग त्या वाक्यापर्यंत नेणारे चार थांबे ठरव : प्रश्न काय होता, मी काय केलं, काय दिसलं, त्याचा अर्थ काय. ते एका छोट्या कार्डावर दोन-दोन शब्दांत लिही. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. मधलं सगळं घरी उभं राहून, मोठ्याने, किमान पाच वेळा बोल, आणि दर वेळी शब्द मुद्दाम बदल. एकच गोष्ट पाच तऱ्हांनी सांगता आली की एखादं वाक्य हरवल्याने काही बिघडत नाही. सेमिनार इंग्रजीत असेल तर पहिल्या दोन वेळा सगळं मराठीत सांगून बघ. मराठीत कुठे अडखळलीस तर अडचण भाषेची नाही, तो मुद्दाच तुला अजून नीट उमगलेला नाही. दहा मिनिटं दिली असतील तर तयारी आठ मिनिटांची ठेव. उरलेल्या दोन मिनिटांत श्वास घ्यायला आणि थांबायला जागा मिळते.

थांबण्याबद्दल आवर्जून सांगते. मुद्दा आठवला नाही तर गप्प राहा आणि कार्डाकडे बघ. तुला युगासारखे वाटणारे ते तीन सेकंद ऐकणाऱ्याला साधा विराम वाटतात. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ असं काहीबाही भरत राहिलीस तर मात्र गोंधळ कळतो.

आता शरीराचं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, कारण ॲड्रेनालीन हे संप्रेरक वाढतं आणि शरीर धावायच्या तयारीला लागतं. ते थांबवायच्या मागे लागू नकोस. बोलण्याआधी चार-पाच वेळा श्वास आत घेतलास त्यापेक्षा सावकाश बाहेर सोड, तेवढ्याने धडधड जरा उतरते. ॲलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. आणखी एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवून दिलं की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जितकी उघड दिसतेय असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. ही गोष्ट ज्यांना आधीच सांगितली होती, त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. म्हणून तुलाही आधीच सांगून ठेवते.

क्षेत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे : या भीतीपायी क्षेत्र निवडू नकोस. प्रयोगशाळा आवडत असेल तर जरूर जा, पण तिथे बोलावं लागत नाही या समजुतीने जाऊ नकोस. संशोधकाला गटाच्या बैठकीत निष्कर्ष मांडावे लागतात, परिषदेत पोस्टरसमोर उभं राहावं लागतं, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत प्रश्नांना सामोरं जावं लागतं. मुलाखत तर सगळीकडेच असते.

कोर्स लावण्याआधी एकच विचार : दर तासाला मी स्वतः किती मिनिटं उभी राहून बोलणार? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचव. 1924 मध्ये सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स क्लबांची, म्हणजे एकत्र जमून भाषणाचा सराव करणाऱ्या गटांची, रीत मला आवडते. पाच ते सात मिनिटांचं भाषण, त्यावर एका सदस्याचा अभिप्राय, आणि ‘अं... अं...’ किती वेळा आलं ते मोजणारा वेगळा माणूस. जवळ क्लब नसेल तर चार मैत्रिणी मिळून आठवड्यातून एकदा हेच करता येईल. भीतीपायी वर्ग बुडवावासा वाटू लागला किंवा चार माणसांत साधं बोलणंही टाळावंसं वाटलं, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेट. त्यावर चांगले उपचार आहेत.

या आठवड्यात एवढंच कर : कोणत्याही एका तासाला एक प्रश्न विचार. आदल्या रात्री तो लिहून ठेवलास तरी चालेल. आणि पुढच्या सेमिनारचा विषय ठरला की ते पहिलं एक वाक्य मला लिहून पाठव. त्यावर आपण दोघी मिळून काम करू.