गाडी लावायला जागा नसेल तर फोर्टात गिऱ्हाईक येईल का?

ताई, फोर्टातल्या गल्लीत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. आमची गल्ली फक्त चालणाऱ्यांसाठी करायची अशी चर्चा कानावर येतेय. ऑनलाइनने आधीच कंबरडं मोडलंय, त्यात गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार कुठून? — एक दुकानदार

दादा, भीती खोटी नाही तुमची. पण आधी एक करा, आठवडाभर गल्ल्याजवळ वही ठेवा आणि बिल फाडताना प्रत्येकाला विचारा, कसे आलात? फोर्टच्या एका अंगाला सीएसएमटी, दुसऱ्या अंगाला चर्चगेट, आणि ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही कफ परेडपर्यंत आली, हुतात्मा चौकात तर तिचं स्टेशनच आहे. माझा अंदाज आहे की वहीत 'गाडीने' हा शब्द फार कमी वेळा येईल. तुमच्या दारात उभी असते ती गाडी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची नसतेच हो, शेजारच्या ऑफिसातल्या साहेबांची असते, नाहीतर (राग मानू नका) दुकानदाराची स्वतःचीच, सकाळी दहाला लावली की सातला हलते आणि तोवर समोरून जाणाऱ्याला तुमचा काउंटरसुद्धा दिसत नाही.

हे काही नवीन खूळ नाही. दादाभाई नौरोजी रोडच्या जुन्या इमारतींखालच्या कमानी बघा ना, भर पावसात माणूस छत्री न उघडता दुकानं बघत बघत केवढं अंतर चालून जातो. चालणारा थांबतो, पेन घ्यायला आलेला दोन वह्या घेऊन जातो. गाडीवाला डबल पार्किंग करून हॉर्न ऐकत उभा, त्याला कुठलं थांबायला जमतंय!

खरी अडचण मालाची आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. टेम्पो, हातगाडी कधी येणार हे आधी लेखी ठरवून घ्या, त्याशिवाय कुठल्याही प्लॅनला हो म्हणू नका. दिल्लीत चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मुख्य रस्त्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे, म्हणजे माल त्या वेळेच्या बाहेर. तुमच्याकडे सकाळी लवकरची वेळ मागता येईल. आणि एकदम कायमचं नकोच, पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला एक दिवस गाड्या बंद ठेवतात तसं आधी एखाद्या शनिवारी करून बघा, त्या दिवसाचा गल्ला मोजा, मग भांडायचं असेल तर आकडे हातात घेऊन भांडा.

एक कडू गोष्ट पण सांगते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आता दुकानाची वाढवलेली पायरी, बाहेर ठेवलेला कॅलेंडरचा स्टँड, कुणाची तरी उभी बाईक, असं सगळं धरून टेप लावून बघा किती उरतं. दर वेळी फेरीवाल्याकडे बोट दाखवून चालत नाही, २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यालाही जागा आखून द्यायचीय, आणि संध्याकाळी सातनंतर शटर पडली की फोर्टात जी काही वर्दळ उरते ती पुष्कळदा त्याच्या सँडविचच्या गाडीभोवतीच असते.

म्हणून नुसते पेव्हर ब्लॉक बदलणार असतील तर मला त्यात काही रस नाही. दिवे, बसायला कट्टा आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छ टॉयलेट मागा, तुम्ही दुकानदारांनी एकत्र मागितलं तर ऐकतील.

भुयारी मार्ग असताना लोक गाड्यांमधून का पळतात? दंड लावायला हवा. — एक वाचक, दादर

काका, गुडघे दुखत असताना हातात पिशवी घेऊन एकदा खाली उतरून परत वर चढून या. मग बोलू दंडाचं.